दोन अर्थिंगचं घर

मिरजेतल्या एका घराची वाटणी झाली. भांडीकुंडी, कपाटं, विहिरीवरचा पंप, सगळं कागदावर सुरळीत उतरलं आणि शेवटी वडिलांच्या गाण्याच्या यंत्रापाशी गाडी अडली. तोडगा निघाला तो असा : रेकॉर्ड प्लेअर, त्याचा प्रिअँप आणि तबकड्या थोरल्याला, म्हणजे वरच्या मजल्यावर, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर धाकट्याला, म्हणजे खाली. आई खालीच राहणार होती, तिला जिना चढवत नव्हता. वडिलांनी जिन्यातून ओढलेली शील्डची वायर होतीच. दिवेलागणीनंतर थोरला वर तबकडी लावायचा आणि आई खाली ऐकायची. भावांचं बोलणं बंद झालं तरी एवढं मात्र चालू राहिलं.

आईचा कान तयार होता. गायिका हिराबाई बडोदेकर १९०५ साली जन्मल्या ते हेच गाव, आणि तंबोऱ्याची जवारी लागली की नाही हे ओसरीवरून सांगणारी माणसं इथे अजून आहेत. आई त्यांतली. थोरल्याने वेगळा मीटर घेतला, मागच्या अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा करून घेतला आणि त्यानंतर गाण्याखाली सतत एक 'घूंऽऽ' ऐकू येऊ लागली. आई म्हणाली, "तंबोऱ्यामागे कुणीतरी भलताच सूर धरून बसलंय."

झालं, भांडायला नवं निमित्त मिळालं. थोरल्याने नातवाकरवी निरोप धाडला, अँप्लिफायर जुना झालाय. धाकट्याने उलट निरोप धाडला, प्लेअरची मोटर गेलीय. मग धाकट्याने एका वायरमनला बोलावलं. त्याने पक्कड घेऊन अँप्लिफायरच्या थ्री-पिनची वरची जाड पिन मोडून टाकली आणि 'घूं' तत्क्षणी थांबली. धाकटा खूश झाला. दोष वरचाच होता असंही त्याने ठरवून टाकलं.

इथे थांबून सांगायला हवं. ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब असते, कारण बोर्डात ती सगळ्यांत आधी लागावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी. आतली एखादी वायर सोलवटून लोखंडी पेटीला टेकली, तर २३० व्होल्टचा करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती असते. ती मोडली की आवाज पुष्कळदा जातो, हे खरं. म्हणून तर ही युक्ती घरोघर पसरली आहे. मोडलेल्या पिनचा प्लग दिसला की माझ्या छातीत धस्स होतं.

पुढे थोरला परगावी गेला आणि जाताना जिन्यातली वायर वरून काढून गेला. संध्याकाळी आईने अँप्लिफायरवर बॅटरीचा रेडिओ लावला, आवाजाचं स्टीलचं बटण फिरवलं, आणि बोटांना झिणझिण्या आल्या. तिने धाकट्याला काही न सांगता रेडिओवाल्या मास्तरांना बोलावणं धाडलं.

मास्तरांनी टेस्टर पेटीला टेकवला. आतला नारिंगी दिवा मिणमिणला. "इतके दिवस ही पेटी त्या वायरीच्या जाळीतून वरच्या अर्थिंगवर जगत होती," ते म्हणाले. "केसासारख्या तारांची जाळी. तीही काल निघाली." त्यांनी आधी प्लगटॉप बदलला. थोरला परतल्यावर वायर जोडली, आणि 'घूं' परत आली. धाकटा उसळला, "मास्तर, बिघडवलंत की!"

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी आवाज शून्यावर आणला, 'घूं' गेली. म्हणजे ती अँप्लिफायरच्या पोटातली नव्हती, बाहेरून येत होती. वायर काढून तिच्याच खोबणीत आईचा रेडिओ लावला, स्वच्छ. मग वर जाऊन आपला छोटा अँप्लिफायर आणि हेडफोन थोरल्याच्याच बोर्डावर जोडून प्लेअर ऐकला, तोही स्वच्छ. थोरला आणि धाकटा दोघांनी आळीपाळीने हेडफोन लावून खात्री केली. दोघांचीही यंत्रं निर्दोष होती. एकमेकांना जोडली की कण्हत होती.

शेवटी मास्तरांनी वायर खालून उपसली आणि तिची जाळी व अँप्लिफायरची पेटी यांच्यामध्ये मीटर धरला. काटा एक व्होल्टाच्या आसपास. "वरचा फ्रिज लावा बघू." काटा हलला. तबकडीच्या सुईतून येतात फार तर पाच-सहा मिलिव्होल्ट, प्रिअँप ते शंभरेक पट वाढवतो तेव्हा कुठे अर्धा व्होल्ट होतो. आणि इथे दोन खड्ड्यांमधला फरकच त्याहून मोठा. दोन्ही जमिनी एकमेकींशी थेट बोलत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्यातला सगळा हिशेब गाण्याच्या वायरीतून चालला होता, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी. एका इमारतीतली सगळी अर्थिंगं एकमेकांना जोडलेली असावीत, हा वायरिंगचा जुना नियम आहे. वाटणीच्या घाईत तो कुणी विचारला नव्हता.

"मग जोडा," आई म्हणाली.

जोडायचं म्हणजे पुढच्या जुन्या खड्ड्यापासून मागच्यापर्यंत जमिनीखालून जीआयची पट्टी न्यायची, आणि ती वाटणीत दोन अंगणांमध्ये उभारलेल्या तारेच्या जाळीखालूनच जाणार. पुढचं अंगण धाकट्याने खणलं, मागचं थोरल्याने. जाळीपाशी जमीन मुरमाड निघाली, तिथे एकाने पहार धरली आणि दुसऱ्याने माती ओढली. पुढचा खड्डा उघडला तर मीठ विरघळून गेलेलं, कोळसा ठणठणीत कोरडा. ते नव्याने भरलं. बोल्ट आवळल्यावर काटा शून्यापाशी येऊन बसला, थ्री-पिनची तिसरी पिन जागेवर होती, आणि आईने तबकडी पालटून दुसरी बाजू लावायला सांगितली.

मास्तर निघताना म्हणाले, "उन्हाळ्यात दोन्ही खड्ड्यांत पाणी घालत जा. एक कोरडा पडला तरी भार दुसऱ्यावर येतो."

"पुढच्या खड्ड्याला माझ्याकडे नळ नाही," धाकटा म्हणाला.

"मागच्या नळाची नळी पोचते तिथवर," थोरला म्हणाला. "जाळीला भोक तेवढं पाडून ठेव."