दोन चित्रांमधली जागा

आधी बसा. ओसरीत, पाटावर, खुर्चीत, जिथे पाठ टेकेल तिथे. डोळे मिटू नका. मननाला डोळे मिटलेच पाहिजेत असं आपल्याकडे उगीच ठरून गेलंय, आणि आजचा विषय तर बघण्याचाच आहे.

समोरचं दार लोटून घ्या. बोटभर फट राहू द्या. त्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते, कोब्यावर पडते, तिच्यात धुळीचे कण तरंगतात. एक कण निवडा आणि तो हरवेपर्यंत त्याच्यामागे जा. हरवला की दुसरा.

जपानी लिपीत एक अक्षर आहे. दाराची चौकट, आणि चौकटीच्या आत सूर्य. त्याचा एक उच्चार ‘मा’. अर्थ, दोन गोष्टींच्या मधली जागा, मधला वेळ. रिकामी, पण ओसाड नव्हे. तुमच्यासमोर आत्ता तेच अक्षर पडलंय.

आता एक रविवार आठवा. साल 1993, सकाळ. गल्ली मध्य प्रदेशातल्या सौंसरची घ्या, नाहीतर पांढुर्ण्याची. गच्चीवर कोणीतरी अँटेना फिरवतोय आणि खालून ओरडा येतोय, ‘आला, आला... गेला!’ दूरदर्शनवर मोगली लागलाय. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. ज्यांच्याकडे टीव्ही, त्यांच्याकडे अख्ख्या गल्लीतली पोरं. पुढच्या पोराचं डोकं मध्ये येतंय. संत्र्याची साल सोलल्याचा वास हातांना आहे.

ज्या जंगलाची ती गोष्ट, ते आपल्या शेजारचं. पेंच नदी छिंदवाड्याची, पेंचचं जंगल छिंदवाडा आणि सिवनी मिळून. पांढुर्णा-सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला 2023 मध्ये. आणि हे शेजारचं रान आलं कुठून? मोगलीची गोष्ट लिहिणाऱ्या, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने सिवनी कधी पाहिली नव्हती. स्टर्नडेलसारख्या साहेबांची सातपुड्यावरची पुस्तकं वाचून त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाच्या मुलखात बसून ते रान लिहिलं. पुस्तक आलं 1894 मध्ये. मग 1989 मध्ये जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने त्याचे 52 भाग केले. शेजारचा वाघ असा पृथ्वीला वळसा घालून आमच्या घरात आला, आणि बोलायला लागला तो नाना पाटेकरांच्या आवाजात.

इथे थांबा. पुढचं वाचायची घाई नाही. तो आवाज ऐकू येतोय का बघा.

आता त्या वाघाचं, शेरखानचं तोंड आठवा. किंवा सोपं म्हणजे, स्वतःचंच तोंड. ‘बघीरा’ म्हणा, हळू. ओठ मिटलेले, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. जपानी टीव्हीच्या चित्रकारांनी बोलणं बहुतेक वेळा एवढ्यावरच भागवलं: तीन तोंडं, आलटून पालटून. चेहरा तसाच, मान तशीच, मागचं झाड तसंच.

हे सुचलं अडचणीतून. 1963 च्या 1 जानेवारीला ओसामू तेझुकांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर सुरू झाला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, पैसा थोडा, हात थोडे. फिल्मला सेकंदाला 24 चौकटी लागतात. तेझुकांनी एकेक चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवलं. सेकंदाला 8 चित्रांत भागलं. धावणारे पाय एकदा काढले की तेच पुढच्या भागातही धावायचे. पडलेल्या कपाशीच्या भावात घर चालवणाऱ्याला ही काटकसर वेगळी समजावून सांगायला नको.

नावं ठेवणारे होतेच. ॲनिमेशनपट करणाऱ्या हायाओ मियाझाकींनीही तेझुकांच्या या पद्धतीवर टीका केली. गंमत अशी की स्थिरतेचे खरे सावकार मियाझाकीच. त्यांच्या 1988 च्या ‘टोटोरो’ चित्रपटात दोन बहिणी पावसात बसथांब्यावर वाट बघत उभ्या राहतात. धाकटी पेंगते. शेजारी कोणीतरी अवाढव्य येऊन उभं राहतं. छत्रीवर थेंब पडतात, आणि बराच वेळ दुसरं काही होत नाही. तेझुका थांबले पैसे नव्हते म्हणून. मियाझाकी पैसे मोजून थांबले.

पण मला तेझुकांच्या गरिबीतलं एक देणं मोठं वाटतं. ती तीन तोंडं कुठल्याच एका भाषेची नाहीत. जपानीसाठी काढलेल्या ओठांत हिंदी बसली, म्हणून तर शेरखान नानांचा झाला. आमच्याकडे घरात मराठी, शाळेत हिंदी. आईला सांगायचं एका भाषेत आणि गुरुजींना दुसऱ्या. तोंड तेच. भाषा बदलताना मध्ये एक निमिष जातं, त्यात आपण कुठल्याच भाषेत नसतो. ते निमिष कधी पकडलंय? आत्ता पकडून बघा. ‘पाणी दे’ म्हणा, मग ‘पानी दो’. दोन्हींच्या मध्ये थोडं रेंगाळा.

मधली जागा नेहमीच अशी शांत नसते. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, दोन काठांची दगडफेक. तिकडे सावरगाव, इकडे पांढुर्णा. दगड हातातून सुटतो आणि कुणाच्या तरी डोक्यावर पोचतो, यांच्या मध्येही जागा असतेच. ती मनन करण्याजोगी नाही, आणि त्या खेळाचा अभिमान मला कधी वाटला नाही. तिथे राहू नका. पुढे चला.

सौंसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली मारुती निजलेला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी उभा, उडता, डोंगर उचललेला; इथे आडवा. त्याला डोळ्यांसमोर आणा. शेंदूर, घंटा, नारळाचं पाणी सांडून चिकट झालेली फरशी. मग त्याच हनुमंताला समुद्रावरून उडताना बघा, युगो साको यांच्या ‘रामायण’ चित्रपटात. साको, कोइची सासाकी आणि आपले ॲनिमेटर राम मोहन यांनी मिळून तो केला. सुमारे 1 लाख चित्रं हाताने काढून रंगवलेली. चित्रपट 1992 चा. भारतातल्या थिएटरांत तो गाजावाजा होऊन लागला 24 जानेवारी 2025 ला.

त्या लाखातलं एकच चित्र काढून हातात घ्या. उडणारा हनुमंत त्यात उडत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर रंग वाळलेला आहे, आणि तो जामसावळीइतकाच निश्चल आहे. पुढचं चित्र उचला. तेही तसंच. उड्डाण दोन्हींत नाही.

श्वास घ्या. सोडा. पुढचा घेण्याआधी आपोआप जे थांबणं होतं, ते होऊ द्या.

आता दाराकडे बघा. उन्हाची पट्टी मघाशी होती तिथे नाही. सरकताना दिसली का तुम्हाला?