सोशिकपणाचं कौतुक पुरे

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो आजार, पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. मुलं शाळेत, सासू-सासरे थकलेले आणि सगळं घर तिच्या हातावर, अशा वयात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ मिटत नाही, आणि पुष्कळ जणींचा तासभर असाच जातो. आपल्या घरांत सर्वांत जास्त कामं नेमकी त्याच तासात असतात: कणीक मळणं, डबे भरणं, पाणी भरणं.

मग ती सगळ्यांच्या आधी उठते, गरम पाण्यात हात बुडवून बसते आणि घर जागं व्हायच्या आत बोटं चालती करते. आपण म्हणतो, ‘एवढं दुखणं अंगावर काढून घर कसं सांभाळते बघा!’ हे कौतुक मला क्रूर वाटतं. उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाले तर सांध्यांची झीज बरीच रोखता येते. उशीर झाला की वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. ज्या सोसण्याला आपण संस्कार म्हणतो, त्यातच तिचे हात जातात.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषाची ९७. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच, आणि असे पुरुष जेमतेम चौथा हिस्सा! हा अन्याय निरोगी बाईवरही आहेच. पण नवरा आजारी पडला की घराच्या वेळा त्याच्या सोयीने बदलतात, आणि बाई आजारी पडली की तिनेच आजार घराच्या वेळांत बसवायचा असतो. संसार आणि आजार यांचा मेळ घालण्याचा उपदेशही तिलाच. मेळ घालणं हे घराचं काम आहे.

त्यासाठी घरातल्यांना आजार कळायला हवा. मेथोट्रेक्सेटची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. हे घरातल्या आणखी एकाला तरी पाठ हवं. गर्भधारणेआधी काही महिने ते औषध थांबवावं लागतं. म्हणून ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न अशा घरात कुणीही विचारू नये. हरतालिकेच्या निर्जळी उपासात वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी गेली तर जठराला इजा होऊ शकते. तो उपास सोड, हे सासूने स्वतःहून सांगावं. तिने सांगितलं तर सुनेच्या मनावरचं ओझं उतरतं.

आणि कामं वाटताना ‘मदत’ करू नका, कामच घ्या. कणीक, पिळायचे कपडे, जड कुकर आणि सकाळचे डबे नवऱ्याने आणि मोठ्या मुलांनी कायमचे आपल्याकडे घ्यावेत, मुलग्यांनी तर आधी. तिची बोटं दुपारी मोकळी होतात. तेव्हा काय करायचं, काम की आराम, ते तिचं तिला ठरवू द्यावं. गौरी जेवणार त्या दिवशी पुरण कोण वाटणार आणि पोळ्या कोण लाटणार, हे महिनाभर आधी सगळ्यांनी बसून ठरवावं. कुणालाच जमणार नसेल तर पोळ्या विकत आणाव्यात.