ज्या नेमाला उद्यापन नाही

सज्जनहो, आषाढ शुद्ध एकादशी आली की घराघरांत नेमाची बोलणी सुरू होतात. कोणी चार महिने कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो. पुढे कार्तिकी होते, नेमाचे उद्यापन होते आणि लगेच ताटात वांग्याचे भरीत येते. त्यात वावगे काही नाही. व्रत तेवढ्या काळापुरतेच घेतलेले असते. परंतु आज अशा एका नेमाविषयी बोलायचे आहे, की ज्याला उद्यापन नाही. तो नेम देह सांभाळण्याचा. कारण कार्तिकी होऊन गेली तरी देह आपल्याजवळच राहतो.

कोणी म्हणेल, “महाराज, देह नाशवंत. त्याचे कोडकौतुक कशाला?” खरे आहे. पण दिंडीतला वीणेकरी काय करतो ते पाहा. तो वीणा जपतो, तारा लावतो, ती भुईवर टेकू देत नाही. का बरे? लाकडाचा आणि तारेचा त्याला मोह असतो म्हणून? नव्हे! तार उतरली तर भजन बेसूर होईल म्हणून. देहाचेही असेच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याला आहार, विहार, झोप आणि जागरण ही सारी मापात ठेवायला सांगितले आहे. उपाशी मरा असेही नाही, आणि पोट फुटेस्तोवर खा असेही नाही.

आता आपण आपल्याकडेच पाहू. गळ्यात तुळशीची माळ आहे. मद्य-मांस शिवत नाही. एकादशी चुकत नाही. पण बंडीच्या खिशात काय? तंबाखूची पुडी नि चुन्याची डबी! बायाबापड्या सकाळी मशेरी लावल्याशिवाय चुलीपुढे बसत नाहीत. सज्जनहो, तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आज सिद्ध झालेले आहे. आपल्या देशातील पुरुषांत जे कर्करोग सर्वांत जास्त आढळतात, त्यांत हा एक आहे. ज्या मुखाने नाम घ्यायचे तेच मुख उघडेनासे झाले, तर टाळ वाजवून काय करणार?

दुसरी गोष्ट एकादशीची. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच केली आणि आपणच खरी करून दाखवतो. साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्ट. त्यात बटाटा, तूप, दाण्याचे कूट, वर तळलेले पापड. उपास सुटायच्या आतच पोट जड! त्यापेक्षा थोडी वरी, ताक, एखादे फळ घ्यावे. आणि ज्याला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे, त्याने डॉक्टरला विचारल्यावाचून निर्जळा उपास करू नये. साखर एकदम उतरली तर माणूस जागीच कोसळतो. असला उपास पांडुरंगाने कोणाकडे मागितलेला नाही.

तिसरी गोष्ट चालण्याची. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आपण आनंदाने चालतो. आणि घरी परतल्यावर? कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही फटफटी लागते! जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून निदान १५० मिनिटे चालण्यासारखे श्रम करायला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. तीच संघटना मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, असावे म्हणते. त्यात लोणचे-पापडातले मीठही आले. एकदम वारीला निघून पायाला फोड आणण्यापेक्षा वर्षभर रोज थोडे चाललेले बरे. म्हातारपणी वारी घडावी असे वाटत असेल, तर पाय आजपासून राखले पाहिजेत.

“कळतं हो, पण वळत नाही!” हे आपले नेहमीचे गाऱ्हाणे. त्यालाही उपाय आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांना रोज एकच लहानशी गोष्ट, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला लावली. २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापला. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला आकडा ६६ दिवसांचा. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

यातून तीन गोष्टी घ्या. नेम लहान असावा. तो आधीच्या नेमाला बांधावा: संध्याकाळचा हरिपाठ झाला की चपला घालून वेशीपर्यंत जाऊन यायचे, ताट वाढले की मिठाची वाटी पंगतीत आणायचीच नाही. आणि एक दिवस चुकला तर खट्टू होऊन नेम टाकायचा नाही. वाटेत विसावा घेतला म्हणून कोणी वारी सोडून देतो का? उठायचे आणि चालू लागायचे.

तंबाखूचे मात्र थोडे निराळे. ती नुसती सवय नव्हे, व्यसन आहे. एकट्याने सुटत नसेल तर मदत घ्यायला लाजू नये. सरकारचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक पुडीवरच छापलेला असतो. पुडी फेकण्याआधी एवढे वाचून घ्यावे!

आषाढी ते कार्तिकी चार महिने मिळतात. ६६ दिवस त्यात सहज बसावेत, एवढा तो काळ. म्हणून यंदाच्या चातुर्मासात वांगे सोडायचे ते खुशाल सोडा, पण त्याच्या जोडीला असा एकच लहान नेम धरा. घरात एकाने धरला तर नातवंडे पाहतात नि आपसूक मागे येतात. आणि कार्तिकीला वांग्याचे उद्यापन करा, या नेमाचे करू नका. दुसऱ्या दिवशीही हरिपाठ संपला की चपला घाला आणि वेशीपर्यंत जाऊन या.

रामकृष्ण हरि!