झाड खरे की पंचांग?



हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि दर वर्षी ऋतूंच्या सुमारे 11 दिवस अगोदर येते. शेतीला ते कसे पुरणार? म्हणून रास अल खैमाचे खजूरवाले व कोळी ताऱ्यावर हिशेब ठेवीत आले. त्याला दुरूर म्हणतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटे सुहैल, म्हणजे आपला अगस्ती, दिसला की वर्ष सुरू. मग दहा-दहा दिवसांचे 36 गट, वर 5 दिवस.

आमच्या पूर्वजांनी जवाकडे पाहिले. निसान वसंतातच यावा म्हणून सान्हेद्रिनचे ज्ञानी जव व फळे तयार आहेत की नाहीत ते पाहत आणि उशीर दिसला तर अदार दोनदा मोजत. नुसत्या जवावर मात्र ते विसंबत नसत, सूर्याचा संपातही पाहत. ही सावधगिरी आम्हांला फार मोलाची वाटते. कारण पंचांग केवळ पिकामागे चालले, तर पीक वर्षानुवर्षे लवकर येऊ लागले तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. दोघे बरोबरच सरकतील! तारा जागचा हलत नाही. हवा तापून लवकर पिकणारा नघल खजूर आणखी आधी पिकू लागला, तर सुहैलपासूनचे दिवस मोजून ते कळेल.

आमच्या वयात ‘पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य फार सोपे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि एका वर्षाची नोंदही नव्हे. हवामानाला 30 वर्षांची सरासरी लागते. भारताच्या हवामान खात्याने 2020 साली मुंबईतून पावसाळा परतण्याची सर्वसाधारण तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर केली. जुनी तारीख लिहिलेली होती, म्हणून हे 9 दिवस दिसले.

मग साठी उलटलेल्याने आज वही का उघडावी? फळ तर दुसऱ्यालाच मिळणार. जपानात क्योतोच्या दरबारी मंडळींनी चेरीच्या फुलांचे समारंभ रोजनिशीत टिपले, ते मौजेखातर. त्या नोंदींमुळेच 2021 सालचा 26 मार्चचा बहर सुमारे 1200 वर्षांत सर्वांत लवकरचा ठरला. त्या लिहिणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती.

एलिया हनाबीच्या उरुसाच्या सुमारास घराजवळचा बदाम फुलतो. झाड एकच धरावे, पहिले फूल दिसले तो दिवस लिहावा. तारीख मात्र इंग्रजी घालावी. बदाम सूर्याकडे पाहून फुलतो, आणि शेवातची तारीख अधिक महिन्यामुळे पुढेमागे होते.