हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाने चारचौघांत आवाज चढवू नये, असा एक अलिखित नियम आहे. मी तो शाळेत पाळतो, बाजारात पाळतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाळतो. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर मात्र तो माझ्याकडून पाळला जात नाही. २०१६ सालच्या मोसमात एफसी गोवा संघ एकामागून एक सामने हरत होता, तेव्हा मीही इतरांबरोबर उभा राहून प्रशिक्षकाच्या नावाने ओरडत होतो. शेजारचा एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारी, "हाका कोणें कोच केलो रे?" त्याचे उत्तर कोणालाच नको होते.

प्रशिक्षक होता झिको. आमच्या पिढीला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. १९८६ साली मी सतरा वर्षांचा होतो आणि वाड्यावरच्या एकमेव टीव्हीसमोर जमलेल्या गर्दीत बसून आम्ही ब्राझील-फ्रान्स उपान्त्यपूर्व सामना पाहिला होता. दुखऱ्या गुडघ्याचा झिको उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून आत आला, त्याच्या पासवर ब्रँको पुढे घुसला, पेनल्टी मिळाली आणि झिकोने मारलेला तो फटका फ्रान्सच्या बाट्सने अडवला. पुढे टायब्रेकरमध्ये झिकोने आपली पेनल्टी बरोबर मारली. पण ब्राझील हरले आणि लोकांच्या लक्षात राहिली ती चुकलेलीच. मैदानात नुकत्याच उतरलेल्या माणसाला पेनल्टी घेऊ द्यावी का, यावर आमच्या वाड्यावर पुढे महिनाभर वाद चालला होता. वाद घालणाऱ्यांपैकी कोणाच्याही पायाला आयुष्यात खऱ्या मैदानाची माती लागली नव्हती, हा भाग वेगळा.

तोच माणूस २०१४ साली आमच्या संघाचा मार्गदर्शक होऊन गोव्यात आला. पहिल्या वर्षी संघ उपान्त्य फेरीत पोचला आणि पेनल्ट्यांवर हरला. दुसऱ्या वर्षी साखळीत पहिला आला आणि अंतिम सामना फातोर्ड्यालाच झाला. २० डिसेंबर २०१५. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला झोफ्रेच्या गोलने आम्ही २-१ असे पुढे गेलो. आता तीन मिनिटे आणि भरपाईची वेळ, एवढेच उरले होते. नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलरक्षकाकडून चेंडू जाळ्यात गेला आणि लगेच मेंडोझाने चेन्नईचा तिसरा गोल केला. तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, आठ संघांत आम्ही आठवे. जाता जाता शेवटच्या सामन्यात त्याच चेन्नईला ५-४ असे हरवले, ते तेवढेच.

आता विचार करू. समजा, त्या डिसेंबरच्या रात्री शिट्टी दोनतीन मिनिटे आधी वाजली असती, तर झिकोच्या आखणीत काय बदलले असते? काहीच नाही. उतरवलेले अकरा तेच, बदल्या त्याच. पण आम्ही त्याला खांद्यावर घेऊन मडगावभर फिरवले असते आणि प्रत्येक बदलीमागे केवढी दृष्टी होती, ते एकमेकांना समजावले असते. निर्णय एकच, दोन मिनिटांच्या फरकाने तो शहाणपणा ठरतो किंवा मूर्खपणा. त्या रात्री घरी परतताना आम्ही तो मूर्खपणा असल्याचे सिद्ध केले होते.

याहून स्पष्ट उदाहरण ब्राझीलच्याच स्कोलारीचे आहे. २००२ च्या विश्वचषकासाठी त्याने रोमारिओला वगळले. १९९४ चा तो नायक. देशभर ओरड झाली. स्कोलारी बधला नाही. उलट दीर्घ दुखापतीतून नुकत्याच उठलेल्या रोनाल्डोवर त्याने भरवसा टाकला. योकोहामाच्या अंतिम सामन्यात त्याच रोनाल्डोने जर्मनीवर दोन गोल केले आणि स्कोलारीचा हट्ट 'निर्धार' म्हणून गौरवला गेला. बारा वर्षांनी, ८ जुलै २०१४ रोजी, बेलो होरिझोंतेला पुन्हा जर्मनीच समोर होती. नेमार जायबंदी, कर्णधार थियागो सिल्वाला बंदी. मधली फळी भक्कम करावी, असे पुष्कळांना वाटत होते. स्कोलारीने नेमारच्या जागी बर्नार्डला घेतले आणि आक्रमक खेळायचे ठरवले. सहा मिनिटांत चार गोल बसले, मध्यंतराला ५-० आणि शेवट ७-१. आता तोच हट्ट 'हेकेखोरपणा' झाला. सामन्यानंतर स्कोलारीने सांगितले की निवड माझी होती आणि जबाबदारीही माझीच आहे. एवढे स्वच्छ बोलणारे पराभूत मी आमच्या क्षेत्रात फार पाहिले नाहीत.

मग निकालावरून कोणाचा न्याय करूच नये काय? आमच्याकडे अशा वेळी कोणीतरी गीता काढतो. पण फळाची आशा सोडण्याचा उपदेश कर्त्याला आहे, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला नाही. शिवाय निकाल बाजूला ठेवला, तर सगळेच प्रशिक्षक निर्दोष ठरतील आणि कोणताही आळशी माणूस 'माझे नशीब वाईट' म्हणून मोकळा होईल. हे मला पटत नाही. हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकाचा राग सगळाच खोटा नसतो. सलग चार सामने बचावफळीची तीच बाजू फाटते आणि पाचव्या सामन्यात तोच खेळाडू त्याच जागी उभा दिसतो, तेव्हा ओरडणारा माणूस निकालावर ओरडत नसतो. याने चार सामने पाहिलेच नाहीत काय, असे तो विचारत असतो. हा प्रश्न रास्त आहे.

म्हणजे मला दोन वेगळे हिशेब दिसतात. निर्णयाच्या क्षणी त्या माणसाला काय ठाऊक होते, काय ठाऊक करून घेता आले असते आणि ते त्याने करून घेतले की नाही, हा एक. पुढे चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, हा दुसरा. पहिला अवघड आहे. त्यासाठी सरावाच्या मैदानावर जावे लागते, राखीव खेळाडूंच्या बाकाकडे पाहावे लागते. दुसरा फलकावर लिहिलेला असतो. साहजिकच आम्ही फलक वाचतो.

आणि जिंकताना तर पहिला हिशेब कोणी मागतच नाही. २०२० च्या जानेवारीअखेर संघ तक्त्यात अव्वल असताना एफसी गोवाने प्रशिक्षक लोबेराला दूर केले. आम्ही संतापलो. मग क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली उरलेले तिन्ही सामने ४-१, ५-२, ५-० असे जिंकले, साखळीची ढाल गोव्यात आली, आणि आमचा प्रश्न कुठे गेला ते आम्हालाच कळले नाही. वास्तविक तीन विजयांनी त्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नव्हते.

हे सारे मी इतक्या खात्रीने लिहू शकतो, कारण पहिला हिशेब मी स्वतः एकदा चुकवला आहे. २०१३ च्या एप्रिलात मी नववीतल्या अकरा मुलांना वर पाठवले नाही. गुण कमी होते, हे खरे; पण गुण कमी असलेली मुले आधीही वर जात असत. त्या वर्षी आम्हाला दहावीचा शंभर टक्के निकाल हवा होता. २०१४ साली तो लागला. शाळेच्या फाटकावर फलक झळकला, मला शाल-श्रीफळ मिळाले. त्या अकरा जणांबद्दल ना संस्थेने विचारले, ना पालक सभेत कोणी, ना मी.

२०१६ च्या त्या मोसमात आम्ही पंधरावीस जण एक खाजगी मिनिबस ठरवून फातोर्ड्याला जात होतो. एका पराभवानंतर रात्री परतताना बसमध्ये प्रशिक्षकाची नेहमीप्रमाणे सालटी काढणे चालले होते. ज्याला आम्ही सामनाभर मागत होतो, तो मुलगा नव्वद मिनिटे बाकावरच बसून होता. मी म्हणालो, "त्याला एकदा उतरवून तरी पाहायचे!" पैसे गोळा करणारा क्लीनर माझ्यापाशी येऊन थांबला. "सर, तुमचे राहू दे," तो म्हणाला. मी वर पाहिले. अकरांपैकी एक. जाताना दाराशी तोच उभा होता. माझे लक्ष गेले नव्हते. शाळेचे विचारले, तर म्हणाला, "त्याच वर्षी सोडली, सर." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी पैसे दिले, त्याने घेतले आणि तो पुढच्या माणसाकडे गेला. घरी आल्यावर जुनी हजेरीपुस्तके काढून मी प्रथमच मोजले: सात जण पुढच्या वर्षी नववी सुटले होते, चार जण गेले होते.

पुढच्या एप्रिलात नववीचा एक मुलगा तसाच काठावर होता. गणिताच्या शिक्षकांचा स्पष्ट विरोध होता. मी त्याच्या वर्षभराच्या उत्तरपत्रिका मागवल्या. पहिल्या चाचणीला शंभरांत नऊ, शेवटच्या परीक्षेत सत्तावीस. मी त्याला वर पाठवले. २०१८ साली तो दहावीला गणितात नापास झाला, पुरवणी परीक्षेतही सुटला नाही, आणि एक्केचाळीस मुलांपैकी एक गेल्यामुळे आमचे शंभर टक्के गेले. तरी तो निर्णय बरोबर होता, असे मला आजही वाटते; आणि २०१३ चा चूक होता, असेही.

संस्थेच्या बैठकीत निकालाचा विषय निघाला. माझ्याबरोबर मिनिबसमधून फातोर्ड्याला येणारे एक सभासद समोरच बसले होते. त्यांनी विचारले, "हा असला निर्णय घेतला कोणी?" स्वर अगदी पायऱ्यांवरचा होता. मी म्हणालो, मी घेतला, आणि त्या उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. त्या कोणी उघडल्या नाहीत. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. तो कुंपणाच्या भिंतीचा होता. निघताना त्या सभासदांनी मला थांबवून विचारले, रविवारच्या बसमध्ये माझी जागा धरायची की नाही. मी म्हणालो, धरा.