झडती आणि तपासणी : विमानतळावरील संशयाविषयी

मराठीत 'झडती' आणि 'तपासणी' हे शब्द अर्थाने एकमेकांचे शेजारी असले तरी त्यांची कुळे भिन्न आहेत. तपासणी रोग्याची होते, उत्तरपत्रिकांची होते, ग्रामपंचायतीच्या दप्तराची होते. तीत दोष निघू शकतो. पण तो आहेच असे धरून कोणी तपासायला बसत नाही. झडतीचे तसे नाही. झडती घेणारा मनाशी काही ठरवूनच आलेला असतो. जिची झडती होते त्या व्यक्तीपाशी काही सापडले नाही, तरी चारचौघांत तिचे काहीतरी गळून पडतेच. 'झडणे', 'झाडणे' ही क्रियापदे या शब्दाच्या पोटात ऐकू येतात, ती उगीच नव्हेत.

विमानतळावरील फलक 'सुरक्षा तपासणी' म्हणतो, तर तेथून बाहेर पडलेला प्रवासी 'झडती घेतली' असे सांगतो. एकाच कृतीला दोन पक्ष दोन नावे देतात. या कडक होत गेलेल्या नियमांविषयी सुशिक्षित समाजात जो वैताग सतत व्यक्त होतो, त्याचा नैतिक आशय या नामभेदातून शोधला पाहिजे. रांगेत जाणारा वेळ, काढावा लागणारा पट्टा, टाकून द्यावी लागणारी पाण्याची बाटली ही गैरसोय झाली. गैरसोयीने माणूस कुरकुरतो. तो अपमानित होतो तो अन्य कारणाने.

हे नियम कोणा तत्त्वज्ञाने बसून रचलेले नाहीत. त्यांतील बहुतेक एखाद्या घटनेचे अवशेष आहेत. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. त्यानंतरच्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठी वेगळा कक्ष निघाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे मेली. स्फोटके असलेली बॅग विमानात चढली होती, तिचा धनी चढला नव्हता. १९८७ मध्ये त्या कक्षाचे स्वतंत्र विभागात रूपांतर झाले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस निघालेले विमान कंदाहारला नेले गेले. पुढच्या वर्षापासून एकेका विमानतळाचा बंदोबस्त केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. २००१ च्या डिसेंबरात एका प्रवाशाने बुटात स्फोटके नेली आणि जगभरची पादत्राणे संशयित ठरली. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि शंभर मिलिलिटरांची मर्यादा अवतरली. गुन्हेगाराने एकदा केलेली कल्पना पुढे कोट्यवधी निरपराध्यांचा दिनक्रम होते. नियम येतो तो एका दिवसात. जायला त्याला दशके लागतात. अमेरिकेत बूट काढण्याची सरसकट सक्ती उठली ती जुलै २०२५ मध्ये.

तथापि या घटनांची यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट नाकारता येत नाही : नियमांमागे मेलेली माणसे आहेत. विमानातील प्रत्येकाचा जीव इतर सर्वांच्या सामानावर अवलंबून असतो, आणि ते सामान पाहण्याचा अधिकार त्याला स्वतःला नसतो. तो अधिकार त्याने शासनाकडे सोपविलेला आहे. तेव्हा 'तपासणीच नको' ही भूमिका कोणी गंभीरपणे घेत नाही. वैतागलेला प्रवासीसुद्धा शेजारच्याची पिशवी उघडली गेली तर मनातून निश्चिंतच होतो. त्याला हवे असते ते इतकेच, की तपासणी व्हावी, पण आपली होऊ नये. ही मागणी हास्यास्पद वाटते खरी. परंतु ती कोठून येते हे पाहण्यासारखे आहे.

माजलगावसारख्या तालुक्याच्या गावाकडून पाहिले तर ते अधिक स्पष्ट दिसते. माजलगावला विमानतळ नाही, रेल्वेही नाही. जयभवानी किंवा शिवाजी अशा नावांच्या चौकांतून निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर किंवा थेट पुण्या-मुंबईला जाते. हजला निघालेले वृद्ध, परदेशी मुलाकडे चाललेले निवृत्त शिक्षक, पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसे. यांच्यापैकी पुष्कळांना शासनाचा संशय नवा नसतो. तलाठी, रेशनचे दुकान, पोलीस ठाणे अशा अनेक उंबरठ्यांवर त्यांनी आपण खरे आहोत हे कागदांनिशी सिद्ध केलेले असते. दरवर्षी ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या मजुराचे बिऱ्हाड रस्त्यात कोणी अडवून पाहिले तर त्यावर वृत्तपत्रात पत्र येत नाही. पत्र येते ते विमानतळाविषयी. कारण तेथे प्रथमच अशा वर्गाच्या अंगावर हात पडतो, ज्याला आजवर संशय हा दुसऱ्याचा भोग वाटत होता.

महाराष्ट्राला हा अनुभव पूर्वी एकदा आलेला आहे. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि पुण्यात रँडच्या अंमलाखाली गोरे सोजीर घरोघर शिरून प्लेगचे रोगी शोधू लागले. रेल्वेच्या उतारूंचीही तपासणी होत असे. शासनाच्या मते ती तपासणी होती. पुणेकरांना ती झडती वाटली. देवघरात बूट गेले, स्त्रियांच्या अंगाला परक्यांचे हात लागले, चीजवस्तूंची नासधूस झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्या संतापातील बराच भाग न्याय्य होता, आणि पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी प्लेगव्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीर तक्रार केली होती. पण त्या संतापाचे आणखी एक सूत इतिहासलेखनात फारसे उकलले जात नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांचा स्पर्श आपल्या अखत्यारीत ठेवला होता, त्यांचे शरीर तेव्हा प्रथमच दुसऱ्याच्या अखत्यारीत गेले. अत्याचाराची चीड आणि अधिकार गेल्याची चीड यांचा तेथे इतका घट्ट पीळ बसला की त्या वेगळ्या काढणे अवघड व्हावे. विमानतळावरील वैतागातही हाच पीळ, अर्थातच फार सौम्य रूपात, आढळतो.

स्पर्शाचा मुद्दा येथे मध्यवर्ती आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मपर लेखनात १९३४ मधील दौलताबादचा प्रसंग आहे. ते आणि त्यांचे सहकारी किल्ला पाहण्यास गेले, वाटेवरच्या हौदात त्यांनी हातपाय धुतले आणि गहजब झाला. शेवटी किल्ल्यात जाऊ दिले ते एक सशस्त्र शिपाई बरोबर देऊन. आत कोठे त्यांनी पाण्याला शिवू नये याची खबरदारी म्हणून. संशय होता तो त्यांच्यापाशी काही असल्याचा नव्हता, ते जे होते त्याचाच होता. पिशवी उघडून दाखविल्याने असा संशय फिटत नाही. त्याच मराठवाड्यात आज विमानतळाच्या दारी एक सशस्त्र शिपाई उभा असतो आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला शिवतो. त्याची जात प्रवाशाला ठाऊक नसते, प्रवाशाची त्याला विचारायची नसते. कोणाच्या अंगाला कोणी हात लावावा याची उतरंड ज्या समाजाने शतकानुशतके जपली, त्या समाजात असा सार्वत्रिक, जातिनिरपेक्ष, यंत्रवत स्पर्श ही सामान्य घटना नव्हे. तिच्यात समतेची काही शक्यता आहे, असे म्हणणे अनेकांना रुचणार नाही. पण ती आहे.

याच्या उलट टोकाला लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ठेवून पाहावे. त्या आत्मकथनातील जगात पोलीस येणे, घर उलथेपालथे होणे हा जवळजवळ ऋतुचक्राचा भाग आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण हजेरीची आणि झडतीची सवय कायद्याबरोबर गेली नाही. 'उचल्या'चा विचार आपल्या समीक्षेने वेदना, विद्रोह आणि बोलीभाषा यांच्या अंगाने पुष्कळ केला. संशयाच्या अंगाने तो वाचला गेला असता, तर झडतीचा अपमान नेमका कशात असतो हे तेव्हाच ध्यानात आले असते. तो शोधले जाण्यात नसतो. शोधासाठी निवडले जाण्यात असतो. ज्या रांगेत सगळेच शोधले जातात तिच्यात निवड उरत नाही, आणि म्हणून तेथे झडतीची तपासणी होते. सर्वांवर असलेला संशय कोणावरच नसतो.

हे तत्त्व मान्य केले की नैतिक आक्षेपाचा रोखही बदलतो. मग प्रश्न नियम किती कडक आहे हा राहत नाही. नियमातून कोण सुटतो आणि कोण दोनदा अडकतो, हा होतो. भारतात तपासणीतून मुक्त असलेल्या पदाधिकाऱ्यांची अधिकृत यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री अशी ती पदांची यादी. तीत काही वर्षे एका खासगी व्यक्तीचे नाव केवळ नात्यामुळे होते. ते २०१५ मध्ये गाळले गेले. आंबेडकरांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचे हे आधुनिक परिशिष्टच म्हणावे लागेल. एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची अंगतपासणी केली. काही महिन्यांनी ते उघड झाले तेव्हा संसदेत गदारोळ उठला आणि कंपनीने क्षमा मागितली. भारतीय नियमाप्रमाणे कलामांना सूट होती, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तक्रार रास्तच. परंतु कलामांनी स्वतः काही तक्रार केली नव्हती. ते निमूटपणे तपासणीला सामोरे गेले होते. गदारोळ करणाऱ्यांना जे राष्ट्राच्या अपमानासारखे वाटले, ते त्यांना बहुधा रांगेसारखे वाटले असावे.

दोनदा अडकणाऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पारपत्रावर जन्मस्थळ छापलेले असते. माजलगावचा शेजारी तालुका गेवराई. तेथे जन्मलेला एक इसम २००६ च्या मराठवाड्यातील शस्त्रसाठा प्रकरणात दोषी ठरून २०१६ मध्ये जन्मठेपेची शिक्षा पावला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील सहभागाचा आरोपही त्याच्यावर आला. समजा, एखाद्या अधिकाऱ्याने पारपत्रावर 'बीड' पाहून, आणि त्याखालोखाल नाव पाहून, एकाच प्रवाशाला बाजूला घेतले. तो म्हणेल, ही बुद्धीने केलेली तपासणी आहे. आजीबाईंचे आणि बाळांचे सामान उपसण्यापेक्षा ही शहाणपणाची. नियमांवर वैतागलेले अनेक सुशिक्षितही नेमके हेच सुचवितात : सर्वांना कशाला, संशयितांनाच तपासा. या सूचनेत जो सोयीस्करपणा आहे तो उघड आहे. जो सुचवितो तो स्वतःला संशयितांत कधीच मोजत नाही. शिवाय संशयाला अक्षरांचेही भान नसते. दूरच्या माणसाला माजलगाव आणि मालेगाव यांतला फरक सांगावा लागतो. २००६ च्या मालेगाव स्फोटांत ज्यांना प्रथम आरोपी केले गेले, त्यांना २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. मधली वर्षे त्यांना कोणी परत केली नाहीत. निवडीचा संशय चुकतो तेव्हा त्याची किंमत निवडणारा देत नाही. सार्वत्रिक तपासणीचे कष्ट तरी सर्वांत वाटले जातात.

मात्र सार्वत्रिकतेचे समर्थन करताना तिच्या मर्यादेकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नियम एक असला तरी शरीरे एक नसतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी जाहीरपणे व्यथा मांडली, की प्रत्येक प्रवासात त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. येथे नियम कोणालाही निवडून काढत नव्हता. तो फक्त सर्वांना सारखे मानीत होता, आणि त्या सारखेपणातच इजा होती. कृत्रिम पाय हा त्या बाईंचा पाय आहे की सामान आहे, याचे उत्तर यंत्राला देता येत नाही. माणसाला केवळ साधन मानू नये हे कांटचे सूत्र प्रसिद्ध आहे. विमानतळावरचा प्रश्न त्याहून अलीकडचा आहे : माणूस आणि त्याने वागविलेली वस्तू यांतली सीमा कोणी ठरवावी?

ती सीमा वस्तूंच्या बाजूनेही तितकीच धूसर आहे. माजलगावच्या घरातून लेक दूरच्या गावी निघाली की तिची ओटी भरली जाते. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. हा नारळ तिने हाती धरायचा असतो, पेटीत घालून दृष्टीआड करायचा नसतो. विमानाच्या केबिनमध्ये नारळ चालत नाही. खोबऱ्याच्या बाबतीत तर कारणही आहे. त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील पदार्थांत मोडते. परंतु तपासणीच्या पट्ट्यापाशी हे कारण कोणी सांगत नाही. 'चालणार नाही' एवढेच सांगितले जाते, आणि ओटीचा नारळ टाकलेल्या बाटल्यांच्या ढिगात जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलेच्या यात्रेकरूंना त्यांच्या इरुमुडीतील नारळ केबिनमध्ये नेण्याची सवलत, आवश्यक त्या तपासणीनंतर, २० जानेवारी २०२५ पर्यंत देण्यात आली. ती योग्यच होती. त्यावरून इतके मात्र दिसते, की नारळ तपासता येतो; तो तपासून आत सोडण्याचा मार्ग यंत्रणेपाशी आहे, आणि पुरेसा मोठा समूह पुरेशा मोठ्या आवाजात मागेल तेव्हा तो खुला होतो. ओटी घेऊन एकटी निघालेली बाई हा समूह नव्हे. तिला ना संघटना, ना हंगाम, ना तिच्या वतीने बोलणारा मंत्री. पट्ट्यापाशी ती विचारते, 'का?', आणि मागचा माणूस आपला ट्रे पुढे सरकवतो.