ते घरी नाहीत

माणसाच्या दारात नकोसे पाहुणे पुष्कळ येतात. वर्गणीवाले येतात, विम्याचे एजंट येतात, 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत नेमके जेवायच्या वेळेला टपकणारे लांबचे मेहुणे येतात. पण या सगळ्यांना आपण तोंडदेखलं का होईना, 'या, बसा' म्हणतो. ज्याची चाहूल लागताच घरातला कर्ता पुरुष मागच्या दाराने पसार होतो असा पाहुणा एकच, कोर्टाचा बेलीफ. त्याच्यापेक्षा यमदूत बरा म्हणायचा. तो निदान सही मागत नाही.

आमच्या मिरजगावात एक निवृत्त बेलीफ आहेत. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची उभी नोकरी कर्जतच्या आणि नगरच्या कोर्टांतले समन्स घेऊन वाड्यावस्त्या तुडवण्यात गेली. (हे कर्जत म्हणजे आमचं, नगरकडचं. मुंबईकरांना कर्जत म्हटलं की रेल्वेचं स्टेशन आठवतं, त्यांनी कृपा करून घोटाळा करू नये. पोस्टखातं करतं तेवढा पुरे आहे.) आता अण्णा पेन्शनीत निघाले त्यालाही वर्षं झाली, पण अजून ते एखाद्या गल्लीत शिरले की दोन दारं आपोआप लागतात. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते हिंडत होते तेव्हा पहिल्या तीन घरांतून 'ते घरी नाहीत' असंच उत्तर आलं. चौथ्या घरी त्यांनी अंगणातूनच आवाज दिला, "अहो, लग्न आहे, दावा नाही!" तेव्हा कुठे मालक माळ्यावरून खाली उतरले.

कायद्याची भाषा रुक्ष असते असा एक गैरसमज आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला पाचवा आदेश जरा सवडीने वाचून पाहा. ज्याने तो लिहिला त्याला माणूस किती तऱ्हांनी लपतो याची पक्की माहिती असली पाहिजे. समन्स शक्यतो त्याच माणसाच्या हातात द्यावा. तो सापडत नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाला द्यावा. नोकर हा घरातला माणूस धरू नये. (घरोघरच्या मालकिणींनी हे शेवटचं वाक्य ऐकू नये, नाहीतर गडी सोडून जाईल.) कोणीच सापडलं नाही, किंवा सापडून सही देईना, तर नक्कल घराच्या दर्शनी भागी चिकटवावी. हे घर कुणी ओळखून दाखवलं आणि कुणासमक्ष कागद चिकटवला, त्यांची नावं-पत्ते रिपोर्टात लिहावीत.

गावाचा सगळा घोळ होतो तो या शेवटच्या कलमापाशी. घर दाखवणाऱ्याचं नाव कागदावर चढतं हे एकदा कळलं की पन्नास वर्षं भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारीही डोकं खाजवू लागतो. "हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय खरं. खालच्या आळीला विचारा." खालची आळी वरच्या आळीला पाठवते. अण्णा म्हणतात, एका बापड्याने तर स्वतःच्या सख्ख्या चुलत्याचं घर मला ठाऊक नाही म्हणून सांगितलं, आणि सांगताना तो त्याच घराच्या ओट्यावर बसून शेंगा खात होता!

पूर्वी आणखी एक सोय होती. १९७६ साली दुरुस्ती झाली तोवर घरातला तो सज्ञान माणूस पुरुषच असावा लागे. बाईच्या हातात दिवाणी समन्स दिला तर तो धरत नसत. फौजदारी समन्साच्या बाबतीत तर हा 'पुरुष' पार २०२४ च्या जुलैपर्यंत, नवा कायदा लागू होईपर्यंत, कागदावर ठाण मांडून होता. म्हणजे घरातल्या किल्ल्या बाईकडे, दाण्याच्या कणगीचा हिशेब बाईकडे, पण एक कागद हातात घ्यायला मात्र पुरुष हवा! अण्णांना जुन्या बेलिफांनी सांगितलेलं आठवतं, की बायका याचा पुरेपूर फायदा घेत. "मी बाईमाणूस, मला काय कळतंय भाऊसाहेब!" असं म्हणायचं, आणि लगेच कोणत्या नंबरात कुणाचे किती गुंठे निघतात ते तोंडपाठ म्हणून दाखवायचं.

आता प्रश्न असा, की 'ते घरी नाहीत' हे खोटं बोलणं पाप आहे का?

गावाचं मत स्पष्ट आहे. हे खोटंच नव्हे. यजमान गोठ्यात आहेत, आणि गोठा म्हणजे घर नव्हे. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटलं तेव्हा निदान समोर कुरुक्षेत्र होतं, राज्य पणाला लागलं होतं. इथे साधा शेजारधर्म आहे. उद्या त्याच्या विहिरीवरून पाणी आणायचं, परवा त्याच्या बैलांनी आपली नांगरट करायची. कोर्टाचा माणूस आज आला, उद्या जाईल, शेजारी मात्र जन्मभर राहणार. मलाही हे बराच काळ पटत असे. निरोप्याला काही करू नये, दूताला मारू नये असं रावणाच्या दरबारात बिभीषणाने बजावलं होतं, आणि आम्ही अण्णांना मारत कुठे होतो? फक्त चहा देत नव्हतो.

पण अण्णांना एकदा एका दारात चहा मिळाला. ती हकिगत ते फार रंगवून सांगतात. नगरला लष्कराचा मोठा पसारा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा तिथे १९४८ पासून आहे, यांत्रिकी पायदळाचं केंद्र १९७९ मध्ये आलं, आणि रस्त्याने जाताना संग्रहालयाबाहेर नाही म्हटलं तरी मान वळतेच. तर नगरला बदली असताना नाझरसाहेबांनी अण्णांना एक पाकीट हातपोच द्यायला कॅम्पात पाठवलं. शिपायाला, म्हणजे फौजेतल्या शिपायाला, समन्स द्यायचा तर त्याच्या दारात जायचं नसतं. कायदा सांगतो की तो त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवावा, सोबत जवानासाठी एक नक्कल जोडावी, आणि ऑफिसरने तो त्याला पोचवून, जमल्यास त्याची सही घेऊन, कोर्टाकडे परत धाडावा. अण्णा फाटकावर गेले. बंदूकवाल्याने विचारलं, "किससे मिलना है?" तीस वर्षं लोकांना हा प्रश्न अण्णा विचारत आले होते, त्यांना तो पहिल्यांदाच कुणी विचारला. आत नेलं, कारकुनाने पाकिटावर शिक्का मारला, रजिस्टरात आवक नंबर टाकला, पोच दिली आणि चहा सांगितला. "अन् वर थँक्यू म्हणाला हो," अण्णा सांगतात. "समन्स घेऊन थँक्यू! मला वाटलं, चुकून बक्षिसाचा कागद दिला की काय."

यानंतरची गोष्ट आमच्याच पंचक्रोशीतली, अण्णांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली. एका वस्तीवर दोघे भाऊ. थोरला शेती पाहतो, धाकटा पलटणीत, तेव्हा जम्मूकडे. त्यांच्या आत्याने वडिलोपार्जित जमिनीत आपला वाटा मागितला, दावा लावला. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे आत्याला तिच्या नातीने वाचून दाखवलं होतं. दोघा भाच्यांच्या नावाने समन्स निघाले. थोरल्याचा कागद घेऊन अण्णा तीनदा वस्तीवर गेले. तिन्ही वेळा म्हातारी दारात. पहिल्या वेळी तो बाजारला गेला होता, दुसऱ्या वेळी सासुरवाडीला, आणि तिसऱ्या वेळी म्हातारीला कारण आठवेना तेव्हा ती नुसतीच रडायला लागली. तो ज्वारीत बसला होता. अण्णांना त्याचं पागोटं दिसत होतं. पण पागोट्याला समन्स बजावता येत नाही. 'प्रतिवादी मिळून न आल्याने नक्कल राहते घराचे दर्शनी भागी चिकटवली', असा रिपोर्ट झाला. थोरल्याने तो कागद रात्री ओल्या फडक्याने काढला आणि जणू तो कधी आलाच नव्हता असा गप्प राहिला.

धाकट्याचा कागद गेला कमांडिंग ऑफिसरकडे. तिथे ज्वारी नव्हती. सुभेदाराने त्याला बोलावलं, समोर बसवलं, कागद वाचून दाखवला, समजला का विचारलं, सही घेतली आणि रजेचा अर्ज लिहायला लावला. तो युद्धाच्या धामधुमीत असता नि येणं अशक्य असतं, तर १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांचा एक कायदा आहे, त्याखाली कोर्टाने दावाच थोपवून धरला असता. पण तो आला. कर्जतच्या कोर्टात कडक इस्त्रीच्या कपड्यांत तारखेला हजर राहिला. तेव्हा त्याला कळलं, की थोरल्याविरुद्ध दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम होऊन बसला आहे.

घरी आल्यावर दोघांची जुंपली. "तिकडं गोळ्या चालल्या तरी आम्ही जागा सोडत नाही, अन् तू कागदाला भ्यालास?" धाकटा म्हणाला. थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुला वाचून दाखवायला सुभेदार होता. मला कोण होतं?"

अण्णा ही गोष्ट सांगतात तेव्हा इथे थांबतात आणि बिडी पेटवतात. मला मात्र हे उत्तर काही केल्या सोडत नाही. कारण त्या कागदात असतं काय? विजेचं बिल आपल्याला 'भरा' म्हणतं, तहसिलीची नोटीस 'उठा' म्हणते. सरकारी कागदांच्या साऱ्या खानदानात समन्स हा एकच असा, की जो विचारतो, 'तुमचं काय म्हणणं आहे?' उभ्या जन्मात ज्याला कुणी त्याचं म्हणणं विचारलं नाही तो माणूस, ते विचारायला कुणी आलं की ज्वारीत जाऊन बसतो!

तो भेकड आहे म्हणून बसतो असं म्हणणं सोपं आहे. पण आमच्या भागाला कोर्टाच्या कागदाची जुनी आठवण आहे. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि बघता बघता नगर जिल्ह्यात शिरला. श्रीगोंदा, पारनेर, कर्जत अशा तालुक्यांत लोकांनी कर्जरोखे जाळले. नंतर सरकारने आयोग नेमला. त्याच्यासमोर आलेल्या गाऱ्हाण्यांत एक असं होतं, की सावकार दावा लावतो, समन्स कुळापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचला तरी कूळ कोर्टात जात नाही, आणि निकाल एकतर्फी लागतो. कुळाला कळतं ते एकदम जप्ती दारात आल्यावर. मग १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासाठी खास कायदा झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांतल्या कोर्टांना नुसता रोखा न पाहता कर्जाचा मूळ हिशेब खणून काढायला सांगितलं गेलं. तो कायदा आता नाही, सावकारही तसे राहिले नाहीत. पण कागदाची भीती सातबाऱ्यासारखी वारसाने चालत येते. तिची वाटणी कुणी मागत नाही, तरी ती सर्वांना सारखी मिळते.

एवढं सगळं थोरल्याच्या बाजूने बोलून झालं, तरी एक माणूस राहूनच जातं. ती आत्या. 'ते घरी नाहीत' हे वाक्य वस्तीवर उच्चारलं जात होतं तेव्हा ती कर्जतच्या कोर्टाबाहेर झाडाखाली भाकरीचं फडकं घेऊन बसलेली असे. समन्स बजावून आला नाही, पुढची तारीख. पुन्हा बजावून आला नाही, पुढची तारीख. भावजयीने पोटच्या पोरासाठी खोटं सांगितलं, शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी सांगितलं, सगळी मायेची माणसं. आणि त्या मायेचा खर्च मात्र दर तारखेला एसटीचं तिकीट काढून एक म्हातारी भरत होती, जी त्या दारात हजरच नव्हती. गोठा म्हणजे घर नव्हे, हे शेजारधर्माचं गणित मला पूर्वी फार आवडायचं. त्यात आत्याला कुठे धरायचं ते मला सापडलेलं नाही.

थोरल्याने पुढे वकील दिला. चांगलं कारण दाखवलं तर एकतर्फी हुकूम बाजूला ठेवून कोर्ट म्हणणं ऐकतं. वकिलांनी कारण विचारलं. "ज्वारीत होतो," तो म्हणाला. "रब्बीच्या कामात व्यग्र असल्याने," असं वकिलांनी लिहिलं. खर्चाची रक्कम आत्याला द्यायची, या अटीवर अर्ज मंजूर झाला.

आता तर म्हणे समन्साला दारात जायचंही कारण उरणार नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस पोचली असं मानलं, कारण निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे गृहस्थाने ती उघडून पाहिली होती. ही बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण घर दाखवलं कुणी?"

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या चौघांनी फोनमधल्या निळ्या खुणा बंद करून घेतल्या. अण्णा मात्र हल्ली संध्याकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात जुना चष्मा लावून बसलेले असतात. समोर कुणी ना कुणी कागद उलगडून उभा असतो आणि अण्णा एकेक ओळ बोटाने दाखवत मोठ्याने वाचत असतात. परवा त्यांच्यासमोर तो थोरला होता. आत्याच्या दाव्याची पुढची तारीख पोळ्यानंतरची पडली आहे.